गादी आधी, तंबू नंतर

कॅनडात पहिल्यांदा कॅम्पिंगला निघालेलं घर खरेदीची सुरुवात तंबूपासून करतं. जाहिरातीत तंबू असतो, फोटोत तंबू येतो, दुकानातही मधोमध तंबूच उभा केलेला असतो, त्यामुळे हे साहजिकच आहे. मग हातातल्या तीनशे डॉलरपैकी दोनशे तिथेच संपतात आणि उरलेल्या शंभरात अंथरूण, पांघरूण, शेगडी, दिवे बसवायची ओढाताण सुरू होते. पहिली रात्र थंडीनं कुडकुडत जाते. सकाळी "हे आपल्याला जमणारं नाही" असं ठरतं आणि सामान बेसमेंटमध्ये जाऊन पडतं. खरेदीचा क्रम चुकल्यामुळे एखादं कुटुंब कॅनडाचा उन्हाळा चार भिंतींत घालवतं, याचं फार वाईट वाटतं. नव्यानं आलेल्यांना, विद्यार्थ्यांना आणि भाड्यातच अर्धा पगार जाणाऱ्यांना इथली जंगलं, तळी आणि आकाश परवडलंच पाहिजे, आणि नीट हिशेब केला तर ते परवडतं.

हिशेबाचा क्रम रात्रीकडून लावायचा. आधी अंगाखाली काय, मग अंगावर काय, मग पाऊस कसा अडवायचा, आणि सगळ्यात शेवटी तंबू कुठल्या कंपनीचा.

त्याआधी जागेबद्दल थोडं. पवनेच्या काठावर कॅम्पिंगला जायचं तर माणशी पैसे भरले की तंबू, गादी, जेवण सगळं आयोजकाकडून मिळतं. इथे प्रांतीय उद्यानात भाडं भरल्यावर मिळतो तो जमिनीचा एक मोकळा तुकडा. पण तो अगदीच रिकामा नसतो. गाडीनं जाता येणाऱ्या बहुतेक जागांवर लाकडी पिकनिक टेबल असतं, त्याला जोडलेली बाकं असतात, आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं असतं, बऱ्याचदा त्यावर जाळीही. पाण्याचा नळ आणि संडास चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे घडीचं टेबल, कॅम्पिंगच्या खुर्च्या आणि शेकोटीवर ठेवायची जाळी हा शंभर-दीडशे डॉलरचा खर्च पहिल्या वर्षी यादीतून सरळ काढून टाकता येतो.

आता जमीन. कुठलंही पांघरूण ऊब देतं ते त्याच्या तंतूंत अडकलेल्या हवेमुळे. आपण त्यावर झोपलो की खालची बाजू दबते, हवा निघून जाते आणि पाठीखाली उरतात कापडाचे दोन पातळ थर. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेत राहते. दीडशे डॉलरच्या स्लीपिंग बॅगेतही माणूस गारठतो तो यामुळे. म्हणून पहिला खर्च अंगाखालच्या थराचा.

या थराची क्षमता आर-व्हॅल्यू या आकड्यानं मोजतात. आकडा जितका मोठा तितकी जमिनीची थंडी कमी पोचते. उन्हाळ्याला दोन पुरतो, मे आणि सप्टेंबरसाठी तीन-चार हवा. यातली सोयीची गोष्ट अशी की एकावर एक ठेवलेल्या थरांची बेरीज होते. साध्या बंद-पेशींच्या (म्हणजे आतले बुडबुडे बंद असलेल्या, पाणी न शोषणाऱ्या) फोमच्या मॅटची आर-व्हॅल्यू दोनच्या आसपास असते आणि ती वीस-तीस डॉलरला मिळते. दोन मॅट एकावर एक टाकल्या की चार. फोम फुटत नाही, त्याला पंप लागत नाही, ओला झाला तर पुसून घ्यायचा.

बहुतेक लोक मात्र हवा भरायची मोठी गादी घेतात, कारण ती घरच्या पलंगासारखी दिसते. आत कसलंही भरण नसलेल्या या गादीतली हवा मोकळी फिरते. खालच्या बाजूनं गार होते आणि तो गारवा थेट पाठीपर्यंत येतो. अशी गादी घरात आधीच असेल तर टाकून द्यायची गरज नाही. तिच्यावर, म्हणजे गादी आणि अंग यांच्यामध्ये, फोम किंवा जाड ब्लँकेट अंथरायचं.

याहून स्वस्त आणि माझ्या मते पहिल्या वर्षी सगळ्यात शहाणपणाचा उपाय म्हणजे मुलांच्या खेळायच्या जागी किंवा गराजमध्ये अंथरतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन. एक चौकोन दोन फूट बाय दोन फुटांचा, जाडी साधारण १२ मिलिमीटर. एका माणसाला दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब जागा लागते, म्हणजे तीन चौकोन. दोघांना सहा. उंच माणसाच्या पावलांखाली घडी केलेलं जॅकेट ठेवलं की भागतं. हे चौकोन कुशीवर वळताना सुटतात आणि मधल्या फटीतून थंडी येते. म्हणून उलट्या बाजूनं सांध्यावर डक्ट टेपची पट्टी लावून ठेवायची, तीसुद्धा घरी, कोरड्या फोमवर. दवानं ओलसर झालेल्या फोमवर टेप धरत नाही. टेपची पट्टी बिजागरीचंही काम करते आणि तीन चौकोन एकावर एक घडी होऊन डिकीत बसतात. मूल मोठं झालेल्या घरांतून हे चौकोन पाच-दहा डॉलरला निघतात, कधी फुकटही.

मग पांघरूण. गाडीनं जाणार असाल आणि जुलै-ऑगस्टच असेल, तर स्लीपिंग बॅग घ्यायलाच हवी असं नाही. घरातली सिंथेटिक भरणाची रजई, खाली चांगला फोम आणि डोक्याला लोकरी टोपी एवढ्यावर दक्षिण ऑन्टारिओतली उन्हाळी रात्र छान निभते. गावाकडून आणलेली गोधडी मात्र घरीच ठेवावी. सुती कापड तंबूतली दमट हवा शोषून घेतं, पहाटेपर्यंत जड आणि गार होतं, आणि दुसऱ्या दिवशी सावलीत वाळत नाही.

बॅग घ्यायचीच असेल तर पिशवीवरचा तापमानाचा मोठा आकडा वाचून थांबू नये. युरोपीय पद्धतीनं तपासलेल्या बॅगेच्या लेबलवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट म्हणजे थंडी लवकर वाजणारा माणूस निवांत झोपेल ते तापमान. लिमिटला थंडी सोसणारा माणूस अंग आखडून कसाबसा झोपतो. एक्स्ट्रीम हा जिवावर बेतण्याच्या हद्दीचा आकडा, त्याचा झोपेशी संबंध नाही. मोठ्या दुकानांतल्या स्वस्त बॅगांवर एकच आकडा छापलेला असतो आणि तो यांतला कुठला हे लिहिलेलं नसतं. अशा वेळी त्यात पाच ते आठ अंश मिळवून धरावेत. शून्याची बॅग ही सात-आठ अंशांची समजावी. मुंबई-पुण्याच्या डेकॅथलॉनमधून आणलेली १५ किंवा २० अंशांची बॅग इथे ऑगस्टच्या रात्रीही एकटी पुरत नाही. ऑन्टारिओतल्या अल्गॉन्क्विनसारख्या उद्यानात ऑगस्टअखेर पारा दहाच्या खाली उतरतो आणि बॅन्फला जुलैतली रात्र साधारण सात अंशांची असते. तीच बॅग घरच्या रजईच्या आत घातली तर मात्र उत्तम काम देते, म्हणून सामानातून काढू नका.

जुनी बॅग घेताना उजेडासमोर धरून पाहावी. जिथे आरपार उजेड दिसतो तिथे भरण सरकलेलं किंवा गोळा झालेलं आहे. चेन दोन्ही दिशांनी पूर्ण चालवून पाहावी. घरी आणल्यावर ढेकणांची शंका ठेवूनच वागावं: थेट ड्रायरमध्ये, लेबल जेवढी उष्णता चालेल म्हणतं तेवढी, निदान अर्धा तास. धुताना मधोमध दांडा फिरणाऱ्या जुन्या मशीनमध्ये घालू नये, आतले टाके तुटतात. लाँड्रोमॅटमधलं मोठं, समोरून उघडणारं मशीन घ्यावं आणि वाळवताना दोन टेनिसचे चेंडू आत टाकावेत, म्हणजे भरण मोकळं होतं.

आता तंबू, आणि पाऊस. पुठ्ठ्यावर "सहा जणांचा" लिहिलेलं असतं तेव्हा सहा माणसं खांद्याला खांदा लावून, सामानाशिवाय, असा हिशेब असतो. दोघांनी चार जणांचा, चौघांनी सहा जणांचा घ्यावा. त्याहून मोठा मोह नको. मोठा तंबू वाऱ्यात जास्त हलतो, थंड राहतो, आणि काही जागांवर मावतही नाही.

स्वस्त तंबूची खरी ओळख त्याच्या वरच्या आवरणात, म्हणजे फ्लायमध्ये असते. फक्त टोपीसारखी माथ्यावर बसणारी फ्लाय असेल तर वाऱ्याबरोबर येणारा तिरका पाऊस भिंतींच्या शिवणीतून झिरपतो. जमिनीपर्यंत उतरणारी फ्लाय असलेला जुना तंबू टोपीवाल्या नव्या तंबूपेक्षा केव्हाही घ्यावा. फ्लायच्या कापडाला १५०० मिलिमीटर पाण्याचा दाब सोसता आला तर उन्हाळ्याला चालतं, जमिनीचं कापड त्याहून दणकट हवं. आणि कापड कितीही चांगलं असलं तरी सुईनं पाडलेली भोकं शिवणीत असतातच. आतून शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली दिसते का ते बघा. नसेल किंवा सुटत असेल, तर सीम सीलरची एक ट्यूब घेऊन शिवण भरायची आणि दिवसभर वाळू द्यायची.

जुना तंबू बघायला गेलात तर आधी नाक, मग बोटं, मग डोळे. पिशवी उघडल्याबरोबर आंबट, ओकारीसारखा वास आला, किंवा फ्लायची आतली बाजू बोटांना चिकट लागली, तर आतला, पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर ओलाव्यानं कुजला आहे. तो परत नीट होत नाही, असा तंबू फुकट मिळाला तरी घेऊ नका. नुसता बुरशीचा वास आणि काळे ठिपके असतील आणि आतला थर शाबूत असेल, तर धुऊन उन्हात वाळवून काम भागतं, पण किंमत त्या मानानं पाडून मागावी. नंतर चेन. दाराची चेन एका जागी दात सोडून उघडत असेल तर बहुतेक वेळा सरकणारा खटका ढिला झालेला असतो. पक्कडीनं दोन्ही बाजूंनी अगदी हलकं दाबलं की तो पुन्हा धरतो. दातच तुटले असतील तर सोडून द्यावा, कारण चेन बंद न होणाऱ्या तंबूत जूनमध्ये डासांमुळे रात्र काढता येत नाही.

काठ्यांना घाबरू नका. स्वस्त तंबूंच्या काठ्या फायबरग्लासच्या असतात आणि त्या तडकतात, पण बदलायचे संच साधारण पंधरा डॉलरला मिळतात. त्यासाठी काठीची जाडी ठाऊक हवी: ७.९, ८.५, ९.५, ११ मिलिमीटर अशी मापं चालतात, तेव्हा जुना तुकडा बरोबर घेऊन जावं. तडकलेल्या फायबरग्लासवरून उघड्या बोटानं हात फिरवू नका, बारीक कुसळं कातडीत शिरतात. काठ्या तुटलेला तंबू लोक दहा-वीस डॉलरला काढून टाकतात, आणि हाताशी थोडा वेळ असलेल्यासाठी हाच सगळ्यात फायद्याचा सौदा.

तंबूबरोबर येणाऱ्या खुंट्या मात्र आल्या तशा बाजूला ठेवाव्यात. ऑन्टारिओच्या उत्तरेकडे मातीच्या पातळ थराखाली ग्रॅनाइट आहे, तिथे त्या तारेसारख्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानात दहा-बारा इंच लांबीचे जाड, जस्त चढवलेले खिळे सुटे मिळतात. असे आठ घ्यावेत, डोक्याला रंगीत कापडाची चिंधी बांधावी म्हणजे गवतात हरवत नाहीत आणि पायही अडखळत नाही. ठोकायला तिथलाच दगड चालतो.

खाली अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद तंबूच्या बुडापेक्षा सगळीकडून दोन-तीन इंच आत असावा. बाहेर डोकावला की फ्लायवरून ओघळलेलं पाणी तो झेलतो आणि बरोबर तंबूखाली नेऊन साठवतो. तंबू गळतो अशी तक्रार असते तेव्हा निम्म्या वेळा कारण हेच. उरलेल्या निम्म्यातलं बरंचसं पाणी आपल्याच श्वासाचं असतं, खिडक्या आणि वरची झडप पूर्ण बंद केल्यामुळे आत धरलेलं.

आणि ताडपत्री. पावसाळी कॅम्पिंगमध्ये तंबूपेक्षा ताडपत्रीच जास्त कामाला येते, कारण दिवसा माणूस तंबूत बसत नाही. स्वयंपाक, जेवण, पत्ते, सगळं पिकनिक टेबलाशी. दहा बाय बारा फुटांची साधी निळी ताडपत्री आणि पंधरा-वीस मीटर दोरी एवढं बस्स. दोन झाडांमध्ये साधारण आठ फूट उंचीवर दोरी ताणायची, ताडपत्री तिच्यावरून टाकायची आणि एक बाजू मुद्दाम खाली ओढायची, म्हणजे पाणी एकाच दिशेनं वाहून जातं. चारही कडा एका पातळीत ठेवल्या तर मधे डबकं साठतं आणि त्याच्या वजनानं ताडपत्री फाटते. स्वस्त ताडपत्रीची धातूची कडी वाऱ्यात उपटून येतात. त्यावर उपाय जुना आहे: कोपऱ्यात एक गुळगुळीत गोटा गुंडाळायचा आणि गोट्याच्या मानेला दोरी बांधायची. हा कोपरा कापड फाटल्याशिवाय सुटत नाही. झाडांना खिळे मारायचे नाहीत, आणि ताडपत्री शेकोटीच्या वर आणायची नाही.

खरेदी कुठे करायची यापेक्षा कधी करायची याला पैशांत जास्त वजन आहे. मेमधल्या व्हिक्टोरिया डेच्या लांब वीकएंडच्या आधीचे दोन आठवडे सगळ्यात महाग, कारण सगळा देश तेव्हाच जागा होतो. ऑगस्टच्या मध्यापासून लेबर डे उलटून सप्टेंबर संपेपर्यंत दुकानं हाच माल काढून टाकत असतात. कॅनेडियन टायरमध्ये (नावात टायर असलं तरी हे घरसामानाचं मोठं दुकान) एक गोष्ट लक्षात ठेवावी: वुड्स आणि आउटबाउंड या त्यांच्या घरच्या ब्रँडच्या वस्तू दर काही आठवड्यांनी आलटून पालटून मोठ्या सवलतीत येतात. तिथली छापील किंमत भरायची वेळ क्वचितच यावी, सवलतींच्या पुढच्या पत्रकाची वाट पाहिलेली बरी. वॉलमार्टचा ओझार्क ट्रेल हा ब्रँड शेगडीची भांडी, कूलर (बर्फ घालून खाणं थंड ठेवायची पेटी) अशा किरकोळ गोष्टींना ठीक. डेकॅथलॉनचे तंबू आणि मॅट किमतीच्या मानानं प्रामाणिक आहेत. एमईसी हे कॅम्पिंग-गिर्यारोहणाच्या सामानाचं, १९७१ साली व्हँकुव्हरमध्ये सहकारी संस्था म्हणून सुरू झालेलं दुकान २०२० मध्ये खाजगी मालकीत गेलं. तिथल्या किमती तंग खिशाच्या नाहीत, पण मापं समजून घ्यायला, वस्तू हाताळायला आणि सीम सीलरसारख्या दुरुस्तीच्या गोष्टी घ्यायला जावं. डॉलरामा या स्वस्त किरकोळ वस्तूंच्या दुकानातून दोरी, कपड्यांचे चिमटे, डक्ट टेप, भांडी धुवायचं टब आणि टेबलावर अंथरायचं प्लॅस्टिक खुशाल घ्या. खुंट्या आणि ताडपत्री तिथून नकोत.

जुन्या सामानाचेही हंगाम असतात. ऑन्टारिओतल्या वॉटर्लू, लंडन, किंग्स्टनसारख्या विद्यार्थ्यांच्या गावांत एप्रिलअखेर खोल्या रिकाम्या होतात. क्वेबेकमध्ये बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात आणि १ जुलैला अर्धं मॉन्ट्रियल घर बदलत असतं. त्या आठवड्यात फूटपाथवर कूलर, शेगड्या, खुर्च्या सगळं दिसतं (कापडी वस्तू मात्र रस्त्यावरून उचलू नयेत). किजीजी आणि फेसबुक मार्केटप्लेसवर "तंबू" शोधण्याऐवजी "मूव्हिंग सेल" आणि "गराज सेल" शोधा. ज्याला घर रिकामं करायचं आहे तो घासाघीस करत बसत नाही. वस्तू पाहिल्याशिवाय आगाऊ ई-ट्रान्सफर करायची नाही, मग समोरचा कितीही घाई करो. विकणाऱ्याचं अंगण असेल तर तंबू तिथेच उभा करून दाखवायला सांगावं, त्यात संकोच नको. खाजगी विक्रीवर कर लागत नाही. ऑन्टारिओत नव्या मालावर १३ टक्के भरावे लागतात, तेव्हा हा फरक छोटा नाही.

शेगडी जुनी घ्यायला हरकत नाही. दोन बर्नरची कोलमनची प्रोपेन शेगडी वर्षानुवर्षं चालते. जुनी तीस-चाळीस डॉलरला मिळते, कारण लोक हौसेनं घेतात आणि दोनदा वापरून ठेवून देतात. घेताना रेग्युलेटरची नळी आहे ना ते पाहायचं, कारण डब्यात सगळं असतं आणि नेमकी तीच हरवलेली असते. पेटवून दाखवायला सांगायचं. ज्योत निळी हवी. पिवळी आणि लवलवती असेल तर बर्नरमध्ये बहुधा कोळ्याचं जाळं बसलंय, ते बारीक ब्रशनं निघतं. जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही बघावं.

या शेगडीला ४६५ ग्रॅमचे हिरवे सिलिंडर लागतात. दोन्ही बर्नर पूर्ण ठेवले तर एक सिलिंडर साधारण तासाभरात संपतो. पण कोणी तसा स्वयंपाक करत नाही. दोघांच्या दोन दिवसांच्या चहा-नाश्ता-जेवणाला एक पुरतो, दुसरा जवळ असावा. इथे आपला प्रेशर कुकर फार उपयोगी पडतो. तांदूळ-डाळ एकदम लावली की दोन-तीन शिट्ट्यांत काम होतं आणि गॅस निम्म्यानं वाचतो. वारा असेल तर शेगडीच्या तिन्ही बाजूंचे पत्रे उभे करायचे, नाहीतर गॅस हवाच तापवत बसतो. हे हिरवे सिलिंडर पुन्हा भरायचे नसतात. भरून गाडीतून नेणं बेकायदा आहे आणि झडप गळू लागते. वर्षातून चार-पाचदा जाणार असाल तर वीस पौंडाची बार्बेक्यूची टाकी आणि जोडायची नळी घ्यावी, गॅस कितीतरी स्वस्त पडतो. जुनी टाकी घेताना तिच्या गळ्यावर कोरलेली तारीख वाचा. कॅनडात दर दहा वर्षांनी टाकीची पुन्हा तपासणी लागते आणि तारीख उलटलेली टाकी कोणी भरून देत नाही. आशियाई वाणसामानाच्या दुकानातली एक बर्नरची ब्युटेनची शेगडी सगळ्यात स्वस्त, पण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायूरूप घेतच नाही. जुलैत ठीक, ऑक्टोबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या सकाळी चहा होणार नाही.

तंबूच्या आत कुठलीही शेगडी पेटवायची नाही. पाऊस कितीही असो, थंडी कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. ताडपत्री घ्याच म्हणण्यामागचं मोठं कारण हेच आहे.

कूलरवर पैसे घालायचे नाहीत. दहा डॉलरचा जुना कूलर, आणि दोन लिटरच्या बाटल्यांत पाणी भरून आधी दोन दिवस फ्रीजरमध्ये गोठवलेलं. पाणी गोठताना फुगतं, म्हणून बाटली थोडी रिकामी ठेवावी. बर्फाच्या मोठ्या ठोकळ्याला तुकड्यांपेक्षा वितळायला जास्त वेळ लागतो आणि वितळला की प्यायचं पाणी होतं. मुळात आपल्या स्वयंपाकाला कूलर फारसा लागतच नाही. पोहे, मुगाची डाळ, तांदूळ, कांदे-बटाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, यांतल्या कशालाच बर्फ नको. दूध आणि दही एवढंच थंड ठेवायचं. जेवण झालं की कुकर, कूलर, कचरा, टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद. अस्वलाला वास पुरतो, आणि उघड्यावर खाणं ठेवलं तर उद्यानाचे कर्मचारी दंडही करतात.

लाकडं घरून नेऊ नयेत. एमराल्ड ॲश बोरर नावाचा भुंगेरा २००२ मध्ये विंडसर परिसरात सापडला आणि ॲशची झाडं मारत पसरला. त्याच्या पसरण्यात गाडीतून नेलेल्या सरपणाचा मोठा वाटा आहे. जिथे जाळायची तिथेच विकत घ्यायची. कुऱ्हाड घेण्याचंही मग कारण उरत नाही.

तारखेची निवड हीसुद्धा एक खरेदीच आहे. मेच्या मध्यापासून जूनअखेर काळ्या माश्या आणि डास असे असतात की जाळीचा वेगळा मंडप घ्यावासा वाटतो, त्याचे ऐंशी-शंभर डॉलर. तीच सहल ऑगस्टच्या उत्तरार्धात ठरवली तर मंडप नको. ऑन्टारिओ पार्क्सची आरक्षणं पाच महिने आधी सकाळी सातला उघडतात, म्हणजे ऑगस्टसाठी मार्चमध्ये लक्ष ठेवायचं. जागेचं भाडंही जड वाटत असेल तर ऑन्टारिओतल्या सरकारी क्राउन लँडवर कॅनडाच्या रहिवाशांना एका ठिकाणी वर्षात २१ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. तिथे नळ, संडास, टेबल काही नसतं, त्यामुळे पहिल्याच सहलीला तिकडे वळू नये.

दोघांचा हिशेब मांडून बघू, किमती अंदाजानं धरून. फोमच्या दोन मॅट ५०, जुन्या दोन बॅगा ६०, जुना पण पूर्ण फ्लायचा तंबू ८०, ताडपत्री आणि दोरी ३०, आठ खिळे १२, जुनी शेगडी ४०, दोन सिलिंडर १६, डोक्याला लावायचे दोन दिवे २४, जुना कूलर १०, डॉलरामाचं किरकोळ १५. एकूण ३३७. यातला नवा माल १४७ चा, त्यावर कर १९. म्हणजे ३५६. बॅगांऐवजी घरच्या रजया नेल्या तर २९६. डोक्याच्या दिव्यांत काटकसर नको, कारण फोनचा दिवा हातात धरून ना भांडी घासता येतात ना रात्री मुलाला संडासला नेता येतं.

एवढेही पैसे आत्ता नसतील तर उसनं आणि भाड्यानं हे दोन रस्ते आहेत, आणि ते कमीपणाचे नाहीत. मराठी मंडळाच्या किंवा इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर नुसतं विचारलं तरी कोणाच्या ना कोणाच्या बेसमेंटमधून तंबू निघतो, फक्त परत करताना तो वाळवून द्यायचा. कॅल्गरी विद्यापीठाच्या आउटडोअर सेंटरमधून सामान भाड्यानं मिळतं, विद्यार्थी नसलेल्यांनाही. ऑन्टारिओ पार्क्सचा "लर्न टू कॅम्प" कार्यक्रम पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठीच आहे. तंबू आणि शेगडी तिथे असते, तंबू कसा उभारायचा ते शिकवतात, आपण अंथरूण-पांघरूण आणि जेवण न्यायचं. पार्क्स कॅनडाच्या ओटेन्टिकमध्ये, म्हणजे तंबू आणि लाकडी खोली यांच्या मधल्या तयार निवाऱ्यात, पलंग-गाद्या तयार असतात. रात्रीचं भाडं जास्त, पण आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्या एका रात्रीचे पैसे योग्य जागी जातात.

घेतलेलं सामान निघण्याच्या आठवडाभर आधी कोणाच्या तरी अंगणात उभं करावं आणि बागेच्या पाइपनं पंधरा मिनिटं पाणी मारावं. कमी आलेली काठी, सुटलेली शिवण, नळी नसलेली शेगडी, सगळं तिथेच कळतं आणि परत करायची मुदत शिल्लक असते.

परत आल्यावर त्याच दिवशी तंबू आणि फ्लाय उलगडून बाल्कनीत, नसेल तर न्हाणीघरातल्या पडद्याच्या दांडीवर टाकून पूर्ण वाळवायची. एक रात्र ओली राहिली तरी बुरशी धरते, आणि त्या आतल्या थराचं कुजणंही अशाच ओलाव्यातून सुरू होतं. काठ्या मधल्या भागापासून घडी करायच्या, म्हणजे आतलं रबर एका टोकाला ताणलं जात नाही. स्लीपिंग बॅगा छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नयेत, हँगरवर किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवाव्यात, नाहीतर भरण कायमचं दबतं. सिलिंडर घरात आणायचे नाहीत, त्यांची जागा बाहेर, सावलीत, उभे. आणि यादीतलं जे काही या वर्षी कमी पडलं ते कागदावर लिहून फ्रीजला लावून ठेवावं. सप्टेंबरचं पहिलं पत्रक आलं की त्यातलं काय स्वस्त झालंय ते बघता येतं.